टकल्या कोपऱ्यातलं अळू

आईला बाजारची भाजी चालत नसे असं नाही. वर्षभर चालायची. फक्त एक दिवस चालायची नाही. गणपती बसले की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी, आणि त्या दिवशी बैलाच्या श्रमाचं काही खायचं नाही, हा आमच्याकडच्या बायकांचा नेम. नांगर लागला नाही अशा जागेत आपल्या हातानं लावलेलं, आपण पाणी घालून वाढवलेलं, तेवढंच त्या दिवशी ताटात. अळू, भोपळा, भेंडी, दोडका, जे असेल ते एका पातेल्यात शिजवायचं. वाईला आमच्या घरामागे मोरीच्या पाण्यावर अळूचं रान माजलेलं असायचं. त्यामुळे नेम पाळणं म्हणजे चाकू घेऊन मागच्या दारी जाणं, एवढंच होतं.

मग वडील गेले आणि मी आईला दिल्लीजवळ मानेसरला माझ्याकडे घेऊन आले. अकराव्या मजल्यावर. घरात मी आणि माझी कॉलेजात जाणारी मुलगी. नवरा नोकरीसाठी चेन्नईला, महिन्यातून एकदा उगवणारा. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. हा स्वभाव ऑफिसात टांगून ठेवून घरी येता येत नाही. आई आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिनं गॅसवर दूध ठेवलं आणि ती बाल्कनीत मोर बघत बसली. दूध उतू गेलं, गॅस विझला, घरभर वास. माझ्या छातीत जे धस्स झालं ते पुढे कित्येक महिने तसंच राहिलं. ओट्याच्या वर, उंचावर, पाइपच्या गॅसचा कॉक होता. घरातून निघताना मी तो बंद करून जायला लागले. तिथवर आईचा हात पोचत नसे. स्वयंपाकाला एक दीदी यायची, ती आपली उघडायची, आपली बंद करायची. "तू आयुष्यभर केलंस, आता आराम कर," असं मी आईला म्हणायचे, आणि म्हणताना मला स्वतःचं फार कौतुक वाटायचं.

इथल्या पहिल्या ऋषिपंचमीला मी बाजारातून सगळ्या भाज्या आणल्या. आईनं पिशवीत डोकावून पाहिलं.

"हे कुणी पिकवलं?"

"आई, आता बैल कुठे राहिलेत? सगळं ट्रॅक्टरनं होतं. म्हणजे तुझ्या नेमात बसतं."

"ट्रॅक्टरवर माणूस बसलेला असतो ना?" ती म्हणाली. पण खाल्लं तिनं. गिळल्यासारखं खाल्लं. मुलगी म्हणाली, "आजी, इट्स ओके यार, देवाला कळतं," तेव्हा आई हसली आणि ताट उचलून ठेवायला गेली.

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीला लागून एक लांबट पट्टा होता. त्याला सगळे 'गंजा कोना' म्हणायचे, आई टकला कोपरा म्हणायची. तिथे किती वेळा लॉन लावलं आणि किती वेळा ते पिवळं पडून मेलं, याचा हिशेब कुणाकडे नव्हता. माळी बदलले, गवत बदललं, टक्कल तसंच. शेवटी जुन्या रहिवाशांपैकी कुणाला तरी आठवलं, की हे टॉवर व्हायच्या आधी इथे गाड्यांच्या पार्ट्सवर मुलामा चढवायची एक शेड होती आणि तिचं तेजाबाचं, म्हणजे ॲसिडचं पाणी भिंतीकडेला सोडलेलं असायचं. मग माती तपासायला दिली. मातीत निकेल निघालं, कॅडमियम निघालं. कमिटीच्या मीटिंगमध्ये मी इतके प्रश्न विचारले, की सगळ्यांनी हात जोडून ते काम माझ्याच गळ्यात मारलं.

माती तपासणारे गृहस्थ पन्नाशीचे होते, सतत बडीशेप चघळणारे. त्यांनी मला आणि आईला, दोघींना उभं करून समजावलं होतं. आई तेव्हा तिथेच होती, हे मी मुद्दाम सांगते. तेजाबानं माती आंबट झाली आहे, ते म्हणाले, आणि आंबट मातीत धातू मोकळे सुटतात. मुळं त्यांना पाण्याबरोबर ओढून घेतात आणि झाड जळतं. चुना घाला, आंबटपणा मरेल. भरपूर कुजलेलं शेणखत घाला, कोळशाची भुकटी घाला, ती धातूंना धरून ठेवेल. "पर ज़हर कहीं जाएगा नहीं, मैडम. बस बँधा रहेगा. घास लगाइए, फूल लगाइए. खाने की चीज़ मत लगाना." मग आईकडे बघून म्हणाले, "बीपी की गोली समझिए, माताजी. बीमारी रहती है, काबू में रहती है." आई बीपीची गोळी घेतेच. तिनं जाणकारासारखी मान हलवली.

चुन्याची पोती आली त्या दिवशी लिफ्टमध्ये एक शेजारी म्हणाले, "अच्छा, आप ही हैं जो सोसाइटी को चूना लगा रही हैं!" आणि स्वतःच्याच विनोदावर तळमजल्यापर्यंत हसत राहिले. मला हसू आलं नाही. मला या कामाची धास्ती बसली होती. चुना कमी पडला तर काही होणार नाही, जास्त पडला तर माती उलटीकडून बिघडेल, असं त्या गृहस्थांनी सांगून ठेवलं होतं. मी मास्क, हातमोजे घालून उकिडवी बसले आणि चिमटी-चिमटीनं चुना टाकायला लागले. आई वरून बघत असावी. थोड्या वेळानं ती खाली आली, पदर खोचलेला.

"अगं, रांगोळी घालतेयस का? हो बाजूला."

मी तिला मास्क लावायला लावला, हातमोजे घालायला लावले, वर जाऊन साबणानं हात धुवायची शपथ घातली. एवढं सगळं निमूट करून तिनं घमेल्यातला चुना असा एकसारखा पसरला, की माळी फावडं टेकवून बघत राहिला. मग शेणखत आलं. त्याचा वास तिला आवडला, मला अर्थातच नाही. कोळसा तिनंच मिळवला: कोपऱ्यावरच्या ढाब्यावर तंदूरचा चुरा फेकून देतात, हे तिनं दीदीच्या हिंदीची मदत घेऊन शोधून काढलं आणि माळ्याकडून रोज बादलीभर आणवायला सुरुवात केली. माळी खणायचा, आई मिसळायची, मी इकडून तिकडे फिरून दोघांना सूचना द्यायचे. आईनं एकदा मला सरळ सांगितलं, "तू वर जा. तू उभी राहिलीस की मातीला पण टेन्शन येतं."

ती वाईहून आली तेव्हा दिवसभर खुर्चीत असायची. खिडकीकडे तोंड करून. विचारलं तर "बरी आहे." आता ती सकाळी ऊन चढायच्या आत खाली जायची आणि येताना काहीतरी बातमी घेऊन यायची. हरळीला फुटवा आला. कर्दळीनं पान उलगडलं. एकदा तर ती लिफ्टमधून येऊन दारातच म्हणाली, "गांडूळ निघालं!" आवाज असा, की नातवंड झाल्याचं सांगतेय. मुलगी म्हणाली, "छी आजी." मी मात्र कॉल म्यूट करून खाली धावले. गांडूळ होतं. मला त्या दिवशी फार आनंद झाला आणि पाच मिनिटांत काळजीही लागली, की हे जगेल का.

माझं असंच चाललं होतं. मे महिन्यात लूचे भाजणारे वारे सुटले, धुळीचं वादळ आलं, मी बाल्कनीतून टक लावून हिरवा रंग शोधायचे. पावसात वाटलं, सगळा चुना वाहून गेला असणार. त्या गृहस्थांना फोन केला की ते म्हणायचे, "मैडम, थोड़ा सब्र." सब्र माझ्या घरात फक्त आईकडे होता आणि तिच्याकडूनही मला तो घेता येत नव्हता. पावसाळा संपत आला तेव्हा टकला कोपरा हिरवा झाला होता. पुरा हिरवा. भिंतीलगत कर्दळीची रांग, लाल-पिवळी फुलं, पुढे हरळी. कमिटीनं माझा सत्कार करायचं ठरवलं. मी म्हटलं, आईचा करा. आई म्हणाली, कुणाचाच करू नका, पाणी घाला.

गणेश चतुर्थीला सकाळी मी आणि आई दूर्वा काढायला खाली गेलो. इतकी वर्षं दिल्लीत दूर्वा शोधत फिरले होते. आता हरळी आमच्या हातची. दूर्वा कुणी खात नाही, त्यामुळे माझी हरकत नव्हती. निवडता निवडता मी भिंतीकडे सरकले. वरच्या घरांच्या एसीचे पाइप तिथे खाली सोडलेले आहेत, दिवसरात्र पाणी ठिबकतं. कर्दळीच्या मागे, त्या ठिबकत्या पाण्यावर, काहीतरी वेगळं दिसलं. कर्दळीसारखीच रुंद पानं, पण पानांवर पाण्याचे थेंब मोत्यासारखे लोळत होते. देठ काळपट जांभळे.

कर्दळीच्या पानाचा देठ तसा नसतो. मी मराठी बाई आहे, अळू ओळखायला मला प्रयोगशाळा लागत नाही.

"आई, हे काय आहे?"

"दिसतंय की."

"कुठून आणलंस?"

"वाईहून. पेपरात गुंडाळून आणले होते कंद. बॅगेत कोरडे पडून होते, म्हटलं बघू, धरतात का." आणि मग, ज्याची ती वर्षभर वाट बघत होती ते बोलली. "उद्या पंचमी आहे. नांगर नाही, बैल नाही, ट्रॅक्टर नाही. माझ्या हातची माती आहे. याच्यापेक्षा शुद्ध जागा वाईला पण नव्हती."

तिचं बरोबर होतं. तिच्या नेमाच्या हिशेबानं अख्ख्या हरियाणात या पट्ट्याइतकी सोवळी जमीन नसेल. तिच्या घामानं तयार झालेली. आणि त्याच जमिनीत निकेल आणि कॅडमियम बसलेलं होतं, एक कणही कुठे गेलेला नव्हता.

"हे खायचं नाही, आई. तू ऐकलं होतंस. तुझ्यासमोर सांगितलं होतं त्यांनी."

"ऐकलं होतं. बांधून ठेवलंय म्हणाले. बांधलेलं कुत्रं चावतं का?"

"बांधलेल्या कुत्र्याच्या तोंडात कुणी हात घालतं का?"

मग तिनं दुसरीकडून सुरुवात केली. "अळू कसं असतं, तुला माहितीये. नुसतं खाल्लं तर घसा खवखवतो. चिंच घातली की खाज मरते. जे काय असेल ते चिंचेनं मरेल. चांगली आंबट करते भाजी."

"चिंच!" मी ओरडले. माळी दचकला. "आंबटानंच तर ते सुटतं, आई! वर्षभर आपण काय करत होतो? आंबटपणा मारत होतो. चुन्यानं जे धरलंय त्याच्यावर तू चिंच ओतणार?"

माझं शास्त्र त्या क्षणी कितपत बरोबर होतं, माहीत नाही. पातेल्यात काय सुटतं आणि काय नाही, ते मला ठाऊक नव्हतं. अळूची पानं अशा मातीतून जास्त ओढतात की कमी, तेही नाही. मला एवढंच ठाऊक होतं, की ही भाजी उद्या माझी मुलगी खाणार, माझी आई खाणार, आणि मी ते बघू शकणार नाही. मी त्या गृहस्थांना तिथूनच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ते म्हणाले, पान तपासता येईल, पण सणाच्या दिवसांत निकाल लगेच मिळणार नाही. "और माताजी, बिना जाँच के तो मैं अपने घर में भी न बनने दूँ." आईनं फोनकडे बघून "जी" म्हटलं. एवढंच. दूर्वांची जुडी बांधली आणि आम्ही वर आलो. गणपती बसला, आरती झाली, मोदक झाले. मोदक दीदीनं केले होते, कळ्या मोजून घ्याव्यात असे, पण ते आईचे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चाकू घेऊन निघाली तेव्हा मी मागोमाग पळाले.

"घाबरू नकोस," ती म्हणाली. "कापायलाच चाललेय. उभं ठेवलं तर तुझा दिवस जाणार नाही. आणि दुसऱ्या कुणी नेऊन वड्या केल्या तर?"

हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. तिनं एकेक देठ मुळापाशी कापला, कंदही उकरून काढले. मी वेगळं पोतं धरून उभी राहिले. हा पाला खताच्या खड्ड्यात टाकायचा नाही, नाहीतर जे बाहेर आलं ते परत मातीत जाईल, हे मी तिला सांगायला तोंड उघडलं आणि तिनंच सांगितलं. पोत्याचं तोंड तिनं सुतळीनं घट्ट बांधलं. पानं इतकी कोवळी होती, की कापताना चाकूचा आवाजसुद्धा येत नव्हता. मी रडेन असं मला वाटलं, म्हणून मी माळ्यावर विनाकारण खेकसले.

वर आल्यावर तिनं आंघोळ केली, पूजा केली आणि ती खुर्चीत बसली. खिडकीकडे तोंड करून. दीदीनं पोळी-भाजी करून ठेवली होती. चहा तसाच गार झाला. मी घरूनच काम करत होते. कॉलवर कुणीतरी काहीतरी समजावत होतं आणि मला फक्त त्या खुर्चीची पाठ दिसत होती. दुपार झाली तरी ती उठली नाही. बीपीची गोळी रिकाम्या पोटी घेतलेली. मी लॅपटॉप आपटून उठले.

"आई, हा काय हट्ट आहे? काहीतरी खा. वरई खा, फळ खा. कुठल्या देवाला हवंय हे?"

"देवाचं काही नाही त्यात." ती माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती, त्यानं मला जास्त भीती वाटली. "वर्षातून एक दिवस दुसऱ्याच्या जिवावर खायचं नाही, एवढंच आहे ते. बाकी सगळं वर्ष तुझ्या जिवावर खातेच आहे की मी."

"असं काय बोलतेस?"

"खरं बोलतेय. या घरात माझ्या हातचं काय आहे, सांग."

मी खरंच आजूबाजूला बघितलं. सोफा, टीव्ही, दीदीनं झाकून ठेवलेलं ताट. प्रत्येक वस्तूत चूक शोधणाऱ्या मला तिच्या हातची एक वस्तू सापडेना.

"मी आहे," मी म्हटलं.

"तू आहेस," आई म्हणाली. "एकच पीक. आणि तेही कारल्याचं."

आम्ही दोघी हसलो. हसता हसता तिनं डोळे पुसले आणि खालच्या आवाजात म्हणाली, "त्या मातीला तू बांधून ठेवलंस ते बरोबर केलंस, बाई. ती विषारी आहे. मी एकदा दूध उतू घालवलं फक्त."

कॉकबद्दल ती आजवर एक अक्षर बोलली नव्हती. मला वाटत होतं, तिच्या लक्षातच आलं नसेल. मी स्वयंपाकघरात गेले, हात वर केला आणि कॉक उघडला. मग स्टूल आणून त्याच्याखाली ठेवलं, बाजूला धरायला काही आहे का बघितलं, नव्हतं, म्हणून स्टूल परत काढलं. शेवटी म्हटलं, "आई, हा आता उघडाच राहील."

ती उठून आली. डब्यातून वरई काढली, धुतली, तूप-जिऱ्याची फोडणी दिली. "पिकवलेलं नाही तर निदान शिजवलेलं," असं काहीतरी स्वतःशीच म्हणत होती. मी दारात उभी. ज्योत मोठी आहे का, तिचा पदर कुठे आहे, पातेल्याचा दांडा बाहेर आलाय का.

"तिथे उभी राहू नकोस. जाऊन बस."

मी बसले. बसणं म्हणजे काय, तर शरीर खुर्चीवर आणि कान ओट्यावर. फोडणीचा आवाज, झाकणाचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. मी दोनदा उठले आणि दोनदा परत बसले. मग गॅसचं बटण बंद झाल्याचा टक् असा आवाज आला.

आईनं दोन ताटल्या आणल्या. एक माझ्यापुढे ठेवली. स्वतःची हातात घेऊन समोर बसली, पण तिनं आधी घास घेतला नाही, माझ्याकडे बघत राहिली.

"खा," ती म्हणाली. "आज तू माझ्या जिवावर खा."

मी खाल्लं. मीठ चांगलंच जास्त झालं होतं. मी ते बोलले नाही, आणखी थोडं वाढून घेतलं.